आमच्यानंतर याला कोण?

पाथर्डी : दसरा-दिवाळी उरकली की पाथर्डी तालुक्यातील वाड्या-वस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड बांधून साखर कारखान्यांच्या दिशेने निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. ज्याच्या हाताला कोयता पेलत नाही, तो या हिशेबात कोठेच बसत नाही. म्हातारे आईवडील, शाळेत जाणारी पोरे आणि घरात मतिमंद अथवा मनोरुग्ण माणूस असेल तर तोही मागे राहतो. म्हाताऱ्यांच्या अंगात बळ आहे तोवर हा गाडा कसाबसा चालतो. त्यांचे डोळे मिटल्यावर तिशी-चाळिशीतल्या त्या माणसाला आंघोळ कोण घालणार, औषधाची गोळी कोण देणार, हे कोणी ठरवलेले नसते.

'आमच्यानंतर याला कोण?' हाच प्रश्न पुण्या-मुंबईच्या सदनिकांतूनही विचारला जातो. फरक एवढाच, की शहरातील पालकांपुढे थोडेफार पर्याय असतात. तालुक्याच्या गावी घर आणि मनोरुग्णालय यांच्या मध्ये बहुधा काहीच नसते. गेल्या पंचवीस वर्षांत या विषयावर तीन महत्त्वाचे कायदे झाले, सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिले, स्वयंसेवी संस्थांनी डोंगराएवढे काम उभे केले. तरीही निवासी देखभालीची दारे निदान, वय, लिंग आणि निराधारपणा अशा चार कसोट्यांवर वाटली गेली आहेत. आईवडील जिवंत असलेल्या, गरीब घरातील प्रौढ रुग्णासाठी यांपैकी एकही दार सहजपणे उघडत नाही. ही दारे कोणती आणि ती कोणासाठी आहेत, याची ही माहिती.

दोन अवस्था, दोन कायदे

सामान्य बोलण्यात 'वेडा' हा एकच शब्द दोन अगदी भिन्न अवस्थांना लावला जातो. पूर्वी ज्याला मतिमंदत्व म्हणत आणि आता बौद्धिक अक्षमता म्हणतात, तो आजार नव्हे. बुद्धीची वाढ जन्मतः किंवा बालपणीच मर्यादित राहते. औषधाने ती वाढत नाही. मात्र योग्य प्रशिक्षणाने अशी व्यक्ती स्वतःचे कपडे घालणे, स्वयंपाकात मदत करणे, पैसे ओळखणे, साधे काम करणे अशा बऱ्याच गोष्टी शिकू शकते. स्वमग्नता आणि मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, याही विकासाच्या काळातीलच अवस्था होत. मनोविकार निराळे. स्किझोफ्रेनियासारखा तीव्र विकार बहुधा ऐन विशीच्या आसपास, शिकत्या-कमावत्या मुलाला गाठतो. त्यावर औषधे आहेत, चढ-उतार आहेत, अनेक जण बरे होऊन कामालाही लागतात.

एकाच व्यक्तीला दोन्ही असू शकते, किंबहुना बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांत मनोविकारांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते. पण तो चिडतो, रात्रभर जागतो, जेवण टाकतो, हे सारे 'त्याच्या मंदपणामुळे' असे धरून उपचारच केले जात नाहीत. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींना तर स्मृतिभ्रंश इतरांच्या कितीतरी आधी, पन्नाशीच्या आसपासच गाठू शकतो. पूर्वी अशी मुले लवकर दगावत. आज ती साठीपर्यंत पोचू लागली आहेत, आणि त्या वयात त्यांची आई हयात असण्याची शक्यता किती, हे वेगळे सांगायला नको.

कायद्यानेही या दोघांची ताटातूट केली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोविकाराची व्याख्या करताना मतिमंदत्व स्पष्टपणे वगळले. उलट १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चारच अवस्था येतात. मनोविकार त्यात नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा तेवढा दोघांनाही एका छत्राखाली घेतो. त्याच्या २१ प्रकारांत बौद्धिक अक्षमता आहे आणि मनोविकारही आहे. व्याख्या वेगळ्या ठेवण्यात चूक काही नाही, गरजाच वेगळ्या आहेत. अडचण येते ती दोन्ही असलेल्या माणसाची. मतिमंदांची संस्था म्हणते, हा आक्रमक आहे, याला मनोरुग्णालयात न्या. मनोरुग्णालय म्हणते, याला आजार थोडा आणि मतिमंदत्व अधिक आहे, विशेष संस्थेत न्या.

अशी माणसे आहेत तरी किती? २०११ च्या जनगणनेत देशभरात मतिमंद म्हणून सुमारे १५ लाख आणि मनोरुग्ण म्हणून सुमारे ७ लाख व्यक्तींची नोंद झाली. दारात आलेल्या प्रगणकाला घरातील मनोरुग्णाविषयी खरे सांगणारे कुटुंब विरळाच, त्यामुळे दुसरा आकडा फारच तोकडा मानला पाहिजे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला आणि विकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे दिसले. या सर्वांना निवासी देखभाल लागते असे अजिबात नाही. ती लागते थोड्यांना, पण त्यांना ती आयुष्यभर लागते.

अठराव्या वर्षाची भिंत

मतिमंद मुलांच्या विशेष शाळा जिल्ह्याच्या आणि अनेक तालुक्यांच्या गावी निघाल्या. अनुदान, शिक्षक, काही ठिकाणी वसतिगृह अशी ती व्यवस्था अठराव्या वर्षापर्यंत चालते. पुढे काही ठिकाणी प्रौढांसाठी कार्यशाळा असतात. मेणबत्त्या, द्रोण, कागदी पिशव्या, राख्या तेथे बनतात. पण त्या थोड्या आहेत. दहा-बारा वर्षे शाळेत शिस्तीने वावरलेला मुलगा अठरा पूर्ण होताच घरी परततो आणि ओसरीवर बसून राहतो. शिकलेल्या सवयी वर्ष-दोन वर्षांत मोडू लागतात.

ज्यांना घरच नाही, त्यांच्यासाठी हीच भिंत अधिक निर्दय ठरते. बालगृहातील मूल अठरा वर्षांचे झाले की त्याने संस्था सोडावी, हा बालन्याय कायद्याचा सर्वसाधारण नियम. धडधाकट मुलांसाठीही तो जाचक आहे, मतिमंद अनाथाच्या बाबतीत तर तो निव्वळ निरर्थक. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी या नियमाशी उभी हयात झुंज घेतली. बेवारस सापडलेल्या १२३ दिव्यांग मुलांना त्यांनी स्वतःचे नाव लावले, वयाची अट बाजूला सारून त्यांना आपल्याच छायेत ठेवले, काहींची लग्ने लावून दिली. अनाथ दिव्यांगांना अठराव्या वर्षानंतरही संस्थेत आजन्म राहू द्यावे, असा कायदा करा, ही त्यांची मागणी जुनी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मागणी अद्याप मागणीच आहे.

पालक असलेल्या प्रौढांसाठी महाराष्ट्रात जे उभे राहिले, ते बहुतांशी पालकांनीच उभे केले. बदलापूरची 'आधार' ही संस्था पालकांच्या संघटनेतून निघाली. डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेचे 'घरकुल' आहे. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात १९९४ पासून 'साधना व्हिलेज' चालते. तेथे बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ मोठ्या वसतिगृहात न राहता कुटुंबासारख्या लहान घरांत राहतात, शेती आणि घरकामात भाग घेतात आणि आसपासच्या गावांशी त्यांचा संबंध राहतो. या कल्पनेचे मूळ स्कॉटलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास डॉ. कार्ल कोनिग यांनी सुरू केलेल्या 'कॅम्पहिल' वसाहतींत सापडते.

या संस्था चांगल्या आहेत, हे सांगतानाच त्यांची चौकटही सांगितली पाहिजे. पालकांनी एकत्र येऊन निधी जमवायचा, जागा घ्यायची, दरमहा खर्च भरायचा, ही रीत नोकरदार मध्यमवर्गाला जमते. त्यामुळे अशी घरे महानगरांभोवती उगवली. ज्याची वर्षाची कमाई उचलीतच वळती होते, त्या तोडणी कामगाराला ठेव आणि मासिक शुल्क हे शब्दच परके आहेत.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाने ही उणीव ओळखली होती. २०१५ मध्ये त्याने योजनांची नवी मांडणी केली, तेव्हा अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी आजन्म निवासाची 'घरौंदा' आणि पालकांना काही काळ उसंत देणारी 'समर्थ' या योजना पुढे आणल्या. पालक आजारी पडले, गावाला गेले, तर तेवढ्यापुरते मुलाला विश्वासाच्या जागी ठेवता यावे, हा 'समर्थ'चा विचार. ऊसतोडणीच्या सहा महिन्यांसाठी याहून नेमकी योजना दुसरी सुचणार नाही. पण योजना चालवायला नोंदणीकृत संस्था हवी, आणि अशा संस्था दुष्काळी तालुक्यात जाऊन बसत नाहीत.

नगरजवळचे आसरे

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, या बाबतीत मागासलेला आहे असे मात्र म्हणता येणार नाही. बेघर मनोरुग्णांसाठी राज्यात जे थोडे मोठे काम झाले, त्यातील काही याच जिल्ह्यातले. डॉ. राजेंद्र धामणे आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याने नगर परिसरातील रस्त्यांवर भटकणाऱ्या मनोरुग्णांना अन्नाची पाकिटे वाटण्यापासून सुरुवात केली. त्यातून 'माउली सेवा प्रतिष्ठान' उभे राहिले आणि नगर-मनमाड रस्त्यावरील शिंगवे नाईक येथे निराधार मनोरुग्ण स्त्रियांचे घर उभारले गेले. आज तेथे शेकडो स्त्रिया राहतात. रस्त्यावर असताना अत्याचाराला बळी पडून त्यांच्यापैकी काही गरोदर राहिल्या होत्या. त्यांची मुलेही तेथेच आईजवळ वाढतात. नगर-दौंड रस्त्यावरील अरणगाव येथे 'मानवसेवा प्रकल्प' बेघर मनोरुग्णांना आणून उपचार करतो आणि पत्ता लागल्यास घरी पोचवतो.

राज्याच्या पातळीवर याच वाटेने जाणारी संस्था म्हणजे डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचे 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन'. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेले हे काम पुढे कर्जतला गेले. (हे कर्जत रायगड जिल्ह्यातले, पाथर्डीकरांच्या ओळखीचे, आपल्याच जिल्ह्यातले कर्जत नव्हे.) रस्त्यावरून रुग्ण उचलायचा, उपचार करायचे, भाषेवरून आणि बोलण्यातल्या तुटक खुणांवरून गाव शोधायचे आणि त्याला घरच्यांच्या हाती सोपवायचे, अशी त्यांची पद्धत. हजारो जण असे देशभरातल्या आपल्या गावी परतले. डॉ. वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे काम वंदनीयच आहे. त्यातून एक विचित्र स्थिती मात्र उघड होते. हे आसरे रस्त्यावर आलेल्यांसाठी आहेत. जो अजून घरात आहे, ज्याची सत्तर वर्षांची आई त्याला भरवते आहे, तो निराधार नाही. म्हणून त्याला प्रवेश नाही. संस्थांचा यात दोष नाही. घर असलेल्यांना घ्यायचे म्हटले तर रांग दुसऱ्या जिल्ह्यापर्यंत जाईल. परंतु रस्त्यावर आल्यावाचून दार उघडत नाही, असा संदेश त्यातून थकलेल्या कुटुंबांपर्यंत पोचतो. देवदर्शनाला नेऊन, रेल्वेत बसवून, दूरच्या बसस्थानकावर सोडून येणारे लोक सारेच काळीज नसलेले असतात असे मानणे सोपे आहे. त्यांतल्या काहींना दुसरे दारच दिसलेले नसते.

चार जुनी रुग्णालये

शासनाची म्हणून जी निवासी व्यवस्था आहे, ती मुख्यतः चार प्रादेशिक मनोरुग्णालयांची. नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि पुण्यातील येरवडा. चारही स्वातंत्र्यपूर्व काळातली. मंजूर खाटांचा पूर्वापार हिशेब येरवडा २५४०, ठाणे १८५०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५, असा एकूण ५६९५ खाटांचा. पाथर्डीहून सर्वांत जवळचे येरवडा, तेही दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर. एकदा रुग्णाला पोचवून आले की पुन्हा भेटीला जाण्यात दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च दोन्ही जातात. आधी महिन्याला, मग सणाला, मग कधीच नाही, अशी भेटींची गती मंदावते.

मनोरुग्णालय हे उपचाराचे ठिकाण आहे, राहण्याचे नव्हे. तीव्र अवस्था ओसरली की बहुतेक रुग्ण घरी जाऊ शकतात. तरीही बरे झालेले अनेक जण वर्षानुवर्षे तेथेच राहिले, कारण न्यायला कोणी आले नाही. पत्ता खोटा दिलेला, भावांची लग्ने व्हायची राहिलेली, जमिनीत हिस्सा द्यावा लागेल ही धास्ती, अशी कारणे सर्वत्र सारखीच असतात. गौरवकुमार बन्सल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये या बऱ्या झालेल्यांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यास राज्यांना सांगितले. त्यानंतरचा प्रसंग महाराष्ट्राला भूषणावह नाही. मनोरुग्णालयांतील बऱ्या झालेल्या व्यक्तींना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलविले जात असल्याचे न्यायालयापुढे आले, तेव्हा हे तत्काळ थांबवा, असे जुलै २०१९ मध्ये न्यायालयाने राज्याला बजावले. पुनर्वसन या शब्दाचा असाही अर्थ लावता येतो, हे तेव्हा कळले.

२०१७ चा कायदा, जो मे २०१८ पासून अमलात आला, या बाबतीत बराच स्पष्ट आहे. रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे. केवळ कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्या कारणाने त्याला रुग्णालयात ठेवता येत नाही. अशांसाठी शासनाने अर्धवाट निवास, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधले मुक्कामाचे ठिकाण, आणि सामूहिक घरे निर्माण करावीत किंवा त्यांना साह्य करावे, असे तो सांगतो. किमान मानसिक आरोग्य सेवा प्रत्येक जिल्ह्यात हवी, असेही त्यात आहे. १९१२ च्या ज्या कायद्याच्या नावातच 'ल्युनसी', म्हणजे वेडेपणा, होता, त्याच्याशी हे ताडून पाहावे. शंभर वर्षांत कायदा फार पुढे आला. खाटा मात्र त्याच चार गावी राहिल्या.

कायदा ज्या सामूहिक घरांविषयी बोलतो ती चालतात कशी, याचे उदाहरण चेन्नईच्या 'बॅनियन' संस्थेने घालून दिले. १९९३ मध्ये बेघर मनोरुग्ण स्त्रियांसाठी निघालेल्या या संस्थेने २०१५ मध्ये 'होम अगेन' सुरू केले. गावात किंवा शहराच्या वस्तीत साधे घर भाड्याने घ्यायचे, त्यात चार-पाच जणींनी राहायचे, सोबत देखरेखीला स्थानिक साहाय्यिका. बाजारहाट, स्वयंपाक, शेजाऱ्यांशी भांडणसुद्धा, सारे नेहमीच्या संसारासारखे. वीस-वीस वर्षे रुग्णालयात काढलेल्या स्त्रिया अशा घरांत रुळल्या. हा उपक्रम पुढे महाराष्ट्रातही आला. यात इमारत बांधायची नसते, हे महत्त्वाचे. तालुक्याच्या गावी एक घर, दोन-तीन प्रशिक्षित साहाय्यक आणि महिन्यातून एकदा येणारा मनोविकारतज्ज्ञ, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

मढीची वाट

पाथर्डी तालुक्यात या विषयावर लिहिताना नाथस्थाने टाळून चालणार नाही. मढीचे कानिफनाथ, सावरगावचे मायंबा या परिसरात 'बाधा' झालेल्यांना घेऊन येण्याची रीत पूर्वापार आहे. डॉक्टरकडे नेल्यास पोर वेडी ठरते, देवाकडे नेल्यास तिला बाहेरचे काहीतरी झालेले असते. पुढे लग्न व्हायचे असेल तर दुसरे निदान कुटुंबाला अधिक सोयीचे वाटते. त्या श्रद्धेची थट्टा करून काही साधत नाही. धोका सुरू होतो तो उपचार थांबतात आणि साखळी येते तेव्हा.

तमिळनाडूतील एर्वाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने अशीच खासगी निवासस्थाने वाढली होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांपैकी एकाला आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ जण पळता न आल्याने जळून मेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आज मनोरुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

तीर्थस्थानाचे दुसरे रूपही जगात आहे. बेल्जियममधील गील या गावी संत डिम्फनाच्या देवळात मध्ययुगापासून मनोरुग्णांना आणले जाई. देवळात जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. पिढ्यानपिढ्या तीच गावाची रीत झाली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस सुमारे पावणेचार हजार रुग्ण गीलमधील कुटुंबांत राहत होते, शेतात काम करत होते. पुढे शासनाने त्याला वैद्यकीय देखरेखीची आणि मोबदल्याची जोड दिली. ही प्रथा आता आटली असली तरी संपलेली नाही.

भिंतीआडचे

निवासी संस्था म्हटली की नातेवाइकांना आधी सुटकेचा श्वास आणि मग शंका, असे दोन्ही अनुभवाला येते. शंकेला कारण आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये नगर रस्त्यावरील शिरूरच्या शासकीय मतिमंद मुलींच्या वसतिगृहातील काही मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. मासिक पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. स्त्री-संघटनांनी देशभर आवाज उठवल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. काळजी घेणारी माणसे कमी आहेत, यावर उपाय म्हणून मुलींचे अवयव काढायचे, असा तो सरळ हिशेब होता. २०१६ च्या कायद्याने आता अशा व्यक्तीच्या मुक्त संमतीविना तिला वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार करण्यास मनाई केली आहे. २०११ मध्ये नवी मुंबईतील कळंबोलीच्या एका संस्थेत मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघड झाले, २०१३ मध्ये न्यायालयाने संबंधितांना दोषी ठरवले.

म्हणून संस्था निवडताना पाटी आणि बाग पाहून समाधान मानू नये. बौद्धिक अक्षमतेसाठीची संस्था दिव्यांग हक्क कायद्याखाली आणि मनोरुग्णांची संस्था मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नोंदलेली असलीच पाहिजे. प्रमाणपत्र मागितल्यास ते दाखविण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. रात्रपाळीला किती माणसे असतात, स्त्रियांच्या विभागात रात्री कोण असते, हे विचारावे. न कळवता भेटीला येऊ देतात का, हा प्रश्न तर आधी विचारावा. अनेक निवाशांना फिट्सचा त्रास असतो. मानसिक औषधांनी वजन आणि रक्तातील साखर वाढते. तेव्हा औषधांची नोंदवही कशी ठेवतात, डॉक्टर कधी येतो, हे पाहावे. दिवसभर लोक काय करतात, याचे उत्तर 'टीव्ही पाहतात' असे आले तर दोनदा विचार करावा. आणि ज्याला ठेवायचे आहे, त्याला आधी दोन दिवस तेथे राहून पाहू द्यावे. त्याचे मत विचारले जात नाही, ही या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत जुनी खोड आहे.

तीन कलमे चौदा

देखभालीचे घर मिळो न मिळो, कागद तरी पालकांनी हयातीतच करून ठेवावेत. योगायोग असा, की यातील तीनही कायद्यांत महत्त्वाचे कलम चौदावेच आहे आणि तीनही चौदांचे अर्थ वेगळे आहेत. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ नुसार अठरा वर्षांवरील मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग व्यक्तीसाठी पालक नेमता येतो. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा असतो. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. मूल सज्ञान झाले तरी आपण आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहतो, हा आईवडिलांचा समज चुकीचा आहे. अठरा पूर्ण झाल्यावर त्याच्या नावावरील जमिनीच्या किंवा बँकेच्या व्यवहारात हे अडते.

दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १४ मर्यादित पालकत्वाचे आहे. ठराविक निर्णयापुरता, ठराविक काळासाठी आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून तिला साह्य देणारा पालक जिल्हा न्यायालय किंवा राज्याने नेमलेला अधिकारी नेमू शकतो. मनोरुग्णांना राष्ट्रीय न्यासाचा कायदा लागू नसल्याने त्यांच्या कुटुंबांना ही वाट उपयोगी. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ नुसार रुग्ण स्वतःच आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडतो. उपचारांच्या निर्णयात तो रुग्णाला साह्य करतो. मालमत्तेशी त्याचा संबंध नाही.

याखेरीज दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र काढून घ्यावे. मनोविकारासाठीही ते मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बहुतेक सवलतींसाठी प्रमाण किमान ४० टक्के लागते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत त्या चार अवस्थांच्या व्यक्तींना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. दरमहा एक हजार रुपयांचे हे अनुदान २०२३ मध्ये दीड हजार झाले आणि दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते अडीच हजार करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. आईवडील सरकारी नोकरीत असतील, तर कमावू न शकणाऱ्या अपत्याला त्यांच्या पश्चात आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. सेवापुस्तकात त्याची नोंद वेळीच करावी.

तोडणीला जाणाऱ्या कुटुंबांनी आणखी एक गोष्ट डॉक्टरांशी बोलून ठरवावी. सौम्य आजार असलेला रुग्ण सोबत अड्ड्यावर जात असेल, तर हंगामात औषधे तुटतात आणि चैत्रात तो बिघडलेल्या अवस्थेत परततो. काही रुग्णांना रोजच्या गोळ्यांऐवजी महिन्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन चालते. औषधाची चिठ्ठी जवळ ठेवल्यास दुसऱ्या जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयातही उपचार पुढे चालू ठेवणे सोपे जाते.

रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण दिसला, तर त्याला संरक्षण देणे हे २०१७ च्या कायद्याच्या कलम १०० नुसार पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत जवळच्या शासकीय आरोग्य संस्थेत न्यावे लागते आणि तो बेघर असल्यास हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून नातेवाइकांचा शोध घ्यावा लागतो. पोलिसांसाठी क्रमांक ११२. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेलि-मानस' या शासकीय सेवेवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो. मराठीतूनही बोलता येते, आणि रुग्णाप्रमाणेच त्याला सांभाळणाऱ्यालाही येथे फोन करता येतो.